दोनशे चौदा सायटेशन्स

३ मार्च, सोमवार

१. पाच वर्षांपूर्वी बत्तीस उंदरांच्या मेंदूचे काप तपासले. सोळा उंदीर एकेकटे ठेवलेले, सोळा एकत्र.
२. मोजताना माझं मत आड येऊ नये म्हणून लॅबमधल्या काकांनी काचपट्ट्यांवर नुसते क्रमांक घातले. कोणता क्रमांक कोणत्या गटाचा, ती यादी मोजणी संपल्यावर मला दिली.
३. मी यादी एक्सेलमध्ये चढत्या क्रमाने लावली. लागला फक्त क्रमांकांचा रकाना. शेजारचा गटाचा रकाना जागचा हलला नाही.
४. म्हणजे गटांची सरमिसळ झाली. त्यातून योगायोगाने फरक दिसला. मी तो छापला.
५. आज बढतीच्या अर्जाला जोडायला मूळ फाईल उघडली, काकांच्या यादीशी ताडून पाहिली. फरक नाही.
६. एकटेपणाने मेंदूतल्या पेशींच्या फांद्या झडतात, असं सांगणाऱ्या या पेपरला आजवर २१४ सायटेशन्स आहेत, म्हणजे इतक्या पेपरांनी त्याचा दाखला दिलाय.

४ मार्च

पुन्हा ताडून पाहिलं. तेच.

रोज सकाळी चहाच्या आधी मी सायटेशन्सचा आकडा बघते. हे कुणाला माहीत नाही.

५ मार्च

सरांना सांगितलं. पेपरवर त्यांचंही नाव आहे. त्यांनी दार लोटून घेतलं.

"दोनशे चौदा जण काय वेडे आहेत?"

"एकशे त्र्याऐंशी, सर. एकतीस वेळा मीच माझा उल्लेख केलाय."

हसले. मग म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. बढतीची बैठक एकवीसला आहे. ती होऊ दे, मग बघू." मी उठले तेव्हा सहज विचारल्यासारखं, "क्रमांक काकांनीच घातले होते ना? ते तर आता निवृत्त झाले."

ते वाक्य क्षणभर मला सोयीचं वाटलं. म्हणून इथे लिहून ठेवते.

६ मार्च

२१५.

८ मार्च

आज जे जुने मेल शोधायचं टाळत होते ते शोधले. दूरच्या एका विद्यापीठातली पीएचडीची मुलगी. गेल्या जूनमध्ये तिचा मेल आला होता: "मॅडम, तुमचा प्रयोग तीनदा केला, फरक येत नाही. माझं काय चुकतंय?"

माझं उत्तर दोन ओळींचं. "रंग ताजा वापरावा. काप घेताना हात स्थिर लागतो."

तिचं उलट उत्तर: "बरोबर आहे मॅडम, माझा हात अजून बसलेला नाही. पुन्हा करते."

नोव्हेंबरात तिने मूळ फाईल मागितली. "गाइड म्हणतात, तुझ्याच्याने हे होणार नाही. एकदा तुमचे आकडे पाहिले तर माझी चूक मला सापडेल." त्याला मी उत्तरच दिलं नाही. फाईल शोधायला दहा मिनिटं लागली असती.

तिचा हात चांगला होता.

९ मार्च, रविवार

आईचा फोन. "आज किती झाले गं?" तिच्या हिशेबी सायटेशन म्हणजे चारचौघांत माझं नाव निघणं.

"दोनशे पंधरा."

"शेजारच्या काकूंचा जावई चाळिसावरच अडकलाय. मी काही बोलले नाही हो, पण कानावर घातलं."

तिला सांगायला तोंड उघडलं आणि जेवलीस का विचारलं.

११ मार्च

काकांना फोन केला. त्यांना आधी वाटलं, पेन्शनचं काही असेल. मग आवाज बारीक झाला. "ताई, माझ्याकडून काही राहिलं का?"

"नाही काका. तुमची यादी बरोबर होती. माझ्याकडून राहिलं."

काका म्हणाले, "मला विचारायचं होतंत त्या वेळी. मी तिथंच होतो."

१२ मार्च

सकाळी पेपर मागे घेण्याचं पत्र नियतकालिकाला पाठवलं. एकटीच्या सहीने. सरांना प्रत. बढतीचा अर्जही काढून घेतला. सर जिन्यात भेटले, वर न बघता गेले.

दुपारी त्या मुलीला लिहिलं. चार वेळा खोडलं. शेवटी तीन ओळी राहिल्या.

१३ मार्च

मेल परत आला. तो पत्ता बंद झालाय. तिथल्या विभागाच्या यादीतही तिचं नाव नाही. तिच्या गाइडना लिहिलं:

"आपल्या विद्यार्थिनीचे निकाल बरोबर होते, माझे चूक. मूळ फाईल सोबत जोडली आहे. हे तिला मी स्वतः सांगायला हवे. तिचा सध्याचा पत्ता किंवा फोन मंगळवार, १८ मार्चपर्यंत कळवावा."