देऊन टाकलेली वर्षं

४ ऑक्टोबर, बुधवार

प्रिय वन्सं,

तुम्ही नीट पोचलात हे तुमच्या चार ओळींवरून कळलं, बरं वाटलं. गुडघा प्रवासात फार त्रास देणार नाही अशी आशा होती, पण त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणजे दुखत असणार. फोन मुद्दाम करत नाही. तुमच्या त्या डोंगरावर तो धड लागत नाही, आणि लागला तरी मला त्यावर बोलायला सुचत नाही.

आज सकाळी उठले, आंघोळ केली, कपडे वाळत घातले. यांच्या कारखान्यातून एक माणूस आला होता, त्याच्याबरोबर जाऊन यांचं तिथलं सामान घेऊन आले. परत आले तेव्हा दुपार झाली होती. जेवले. थोडा डोळा लागला. शेजारच्या काकू अजून डबा पाठवतात, नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. सोमवारपासून मी प्रयोगशाळेत परत कामावर रुजू होणार आहे. पाण्याचे नमुने तपासायला डोकं फार लागत नाही, हात चालतात.

सामान थोडंच होतं. जाड मोजे, एक फणी, बिनबाह्यांचा स्वेटर. भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला स्वेटर कशाला, असं मी विचारलं. तर दादा म्हणाले, "आतून बाहेर आलं की गारठा बाधतो हो, वहिनी." दादा म्हणजे यांच्या हाताखालचे सगळ्यांत जुने. अख्खा कारखाना त्यांना दादाच म्हणतो.

इतकी वर्षं संसार केला, पण भट्टी मी आज पहिल्यांदा जवळून पाहिली. बाटल्यांच्या कारखान्यातली भट्टी कधी विझवत नाहीत, आतली काच थिजली तर सगळंच फोडून काढावं लागतं, हे यांच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं. ती दहा पावलांवरूनही तोंडावर चटका देते हे मात्र माहीत नव्हतं. सगळे फार चांगले वागले. मला पंख्याखाली खुर्ची दिली, चहा दिला.

दाराशी खुंट्यांची एक रांग आहे. भट्टीत डोकावताना तोंडासमोर धरायचे काळ्या काचेचे मुखवटे तिथे टांगतात, कपाळावर ज्याचं त्याचं नाव रंगवलेलं असतं. त्यातला एक भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "हा उलटा का?"

"तो मोकळ्या वर्षावर आहे," दादा म्हणाले.

"म्हणजे?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दादांनी कप खाली ठेवला. "साहेब घरी बोलले नाहीत?"

वन्सं, त्या कारखान्यात एक पद्धत आहे. भट्टीवर दर दहा वर्षांनी माणसाला अख्खं वर्ष मोकळं मिळतं. अर्धा पगार चालू राहतो आणि जागा राखून ठेवतात. भट्टी उघडी टाकता येत नाही म्हणून एका वेळी एकानेच जायचं, पाळीपाळीने. उष्णता माणसाला आतून खाते, निवृत्तीची वाट बघत बसलं तर हाती काय उरणार, म्हणून यांच्या आधीच्या लोकांनी भांडून ही पद्धत पाडून घेतली. आपली पाळी नको असेल तर ती दुसऱ्याला देता येते.

यांची पाळी तीनदा आली होती. तिन्ही वेळा यांनी दिली.

मला हे कुणी चहाडी म्हणून सांगितलं नाही. कौतुकाने सांगितलं. "पहिलं वर्ष मला दिलं," दादा म्हणाले. "बाप अंथरुणाला खिळला होता. उशाशी बसायला मिळालं. साहेबांचे उपकार आहेत." दुसरं मोटूला. मोटू हे त्याचं कारखान्यातलं नाव, एरवी माणूस चांगला सडपातळ आहे. "मी काही मोठं केलं नाही हो वहिनी, पोहायला शिकलो. चाळिशीत! पोरगी काठावर उभी राहून म्हणायची, बाबा, म्हशी बऱ्या." सगळे हसले. मीही हसले. तिसरं वर्ष त्यांच्या विभागातल्या इंजिनिअर मुलीला. ती आधी नुसती झोपली म्हणे, आणि मग आईला घेऊन समुद्र बघायला गेली. आईने तोवर समुद्र पाहिलेलाच नव्हता.

तो मीही पाहिलेला नाही. आम्ही निवृत्तीनंतर जाणार होतो.

"साहेबांना आम्ही म्हणायचो, तुम्ही कधी घेणार?" मोटू म्हणाला. "तर म्हणायचे, माझी बहीण किरकोळीत रिटायर होते, मी ठोकात होणार." हे वाक्य तुमच्या ओळखीचं आहे. दर पाच-सहा वर्षांनी तुम्ही औषधाच्या दुकानातली नोकरी सोडून वर्षभर कुठेतरी जाऊन राहायला लागलात, की हे ते घरातही म्हणायचे. तेव्हा मला ती नुसती थट्टा वाटायची.

एवढंच. काळजी करू नका, माझं ठीक आहे.

पत्र इथे संपवून पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मी टाळली.

मी निघायला उठले तेव्हा दादा म्हणाले, एक मिनिट थांबा वहिनी. सगळे खुंट्यांपाशी उभे राहिले. दादांनी यांचा मुखवटा खुंटीवरून काढला, स्वतःच्या बाहीने पुसला आणि भिंतीकडे तोंड करून टांगला. म्हणाले, "साहेब आता मोकळ्या वर्षावर." त्या इंजिनिअर मुलीला रडू आलं. मोटूने मान खाली घातली.

त्यांना मान द्यायचा होता. मला कळत होतं ते. तरी मी पुढे गेले आणि मुखवटा परत सुलटा केला. "नका फिरवू," मी म्हणाले. "ते सुट्टीवर नाहीत. ते मेले."

हा शब्द मी तोवर उच्चारला नव्हता. इतक्या मोठ्याने तर मी घरातही बोलत नाही. भट्टीच्या आवाजातसुद्धा सगळ्यांना ऐकू गेलं. मग मी मोज्यांची पिशवी उचलून बाहेर आले. कुणाचे आभारही मानले नाहीत.

तुम्हाला माहीत होतं का? एवढंच कळवा.

तुमची भावजय


१९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र काल आलं. खरं लिहिलंत, बरं केलंत. माफी मागू नका, धाकट्या भावाने शपथ घातल्यावर मोठी बहीण काय करणार.

पण ते एक वाक्य सकाळपासून माझ्या डोक्यातून जात नाही. तिसऱ्या पाळीच्या वेळी तुम्ही त्यांना म्हणालात, या की दोघं वर, मैत्रिणीच्या सफरचंदाच्या बागेत दोन खोल्या रिकाम्या आहेत. आणि ते म्हणाले, "हिला यातलं काही बोलू नकोस. ही हुरळून जाईल, आणि मग मला नाही म्हणता येणार नाही."

आजवर मी स्वतःची समजूत घालत होते की त्यांना सुचलंच नसेल. त्या भट्टीपायी माणसाला दुसरं काही दिसत नव्हतं. किंवा त्यांना वाटलं असेल, हिला काय, हिची प्रयोगशाळा आहे. पण तसं नव्हतं. मला किती हवं होतं हे त्यांना नेमकं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच सांगितलं नाही.

वन्सं, ती वर्षं निम्मी माझी होती. दादांना दिलेल्या वर्षाबद्दल मी काही म्हणणार नाही, त्यांचे वडील आजारी होते. मला विचारलं असतं तर मीच द्या म्हणाले असते. पण विचारलं असतं तर. मोटूच्या पोहण्यासाठी मी माझं निम्मं वर्ष दिलं असतं का? कदाचित दिलंही असतं. पण मग ते मी दिलं असतं.

लोक भेटायला येतात आणि म्हणतात, किती दिलदार माणूस. मी मान डोलावते.

मी त्यांच्यावर रागावले आहे. बुटाची नाडी बांधायला वाकलेला माणूस तसाच बाजूला कलंडला, मी हाक मारत राहिले, आणि आता मी त्याच्यावर रागावले आहे. असं कुणाला होतं की नाही मला माहीत नाही. इथे कुणाला विचारता येत नाही म्हणून तुम्हाला लिहिलं. तुम्ही त्यांची बहीण आहात, तुम्हाला वाईट वाटलं तर पत्र फाडून टाका.

आता दुसरं सांगते. याच्यासाठीच खरं तर लिहायला बसले, आणि पान भरत आलं तरी तिथे पोचले नाही.

परवा आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमनी मला आत बोलावलं. माझ्यापेक्षा लहान आहेत, पण समजूतदार. म्हणाल्या, "तुम्ही वर्षभर रजा घ्या. नियमात बसतं, मी विचारून ठेवलंय. तुमची जागा कुठे जात नाही."

आणि मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, "छे हो, आता कशाला! निवृत्तीला दोन वर्षं तर राहिली. मग आहेच की सगळं मोकळं."

हे मी विचार करून बोललेच नाही. तोंडातून आपोआप आलं. ते बोलायचे तसंच, त्याच सुरात, आणि हातही त्यांच्यासारखाच उडवला. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मी बाहेर येऊन नळाखाली एक स्वच्छ चंचुपात्र घासत उभी राहिले. शिकाऊ मुलीने दोनदा विचारलं, काकी, ते धुतलेलंच आहे ना?

तीन पाळ्यांना त्यांच्याही तोंडातून असंच आलं असेल का? काही ठरवून नाही, नुसतं आपोआप? तसं असेल तर माझा राग कुठे ठेवू, सांगा.

सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं आहे, कारण हो म्हटलं तर त्यांना बदली माणूस बोलवायला हवा. तुम्ही लिहिलंत, सरळ इकडे निघून ये. लगेच नाही म्हणत नाही. हल्ली कशालाच लगेच नाही म्हणायची मला भीती वाटायला लागली आहे.

तुमची,
अजून काही न ठरवलेली


१ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय वन्सं,

तुमची सफरचंदं उतरवून झाली असतील. गुडघ्याला गरम पिशवीने शेकताय ना? औषधाच्या दुकानात आयुष्य काढलेली माणसं स्वतः कधी औषध घेत नाहीत, हे ते नेहमी म्हणायचे.

मी हो म्हणाले. आज पहिला दिवस.

मॅडमसमोर जाऊन बसले. हो म्हणायचं सोडून नुसती मान हलवली. त्यांनी विचारलं, नक्की ना? मी पुन्हा मान हलवली. बाहेर आले ती काहीतरी चोरून आणल्यासारखी.

माझा थोरला भाऊ कळल्यावर तडक घरी आला. "वेड लागलंय का तुला? अशा वेळी माणूस कामात जीव रमवतो. घरात बसून भिंतींशी बोलणार आहेस?" मी म्हटलं, भिंतींशी बोलायला मी माणसांशी तरी कुठे बोलते? तो आधी चिडला, मग हसला. जाताना म्हणाला, दोन महिन्यांत कंटाळून परत जाशील. जाईनही. काकूंचं वेगळंच.

"आणि वर्षभर करणार काय?"

"माहीत नाही."

"अगं, काही ठरवल्याशिवाय कुणी सुट्टी घेतं का?"

"ठरवलेलं सगळं राहिलं ना, काकू," मी म्हटलं. त्यावर त्या डबा ठेवून गेल्या. मला मागाहून वाईट वाटलं. त्यांच्या मनात काही नव्हतं.

आज सकाळी मी नेहमीसारखी उठले, आवरलं, पर्स खांद्याला लावली आणि दार उघडून जिन्यापर्यंत गेले. तिथे आठवलं. परत आत येऊन खुर्चीवर बसले, पर्स तशीच खांद्याला. घर सकाळी इतकं उजळतं हे मला माहीत नव्हतं, एरवी मी तोवर निघून गेलेली असायची. त्या उजेडात सगळी धूळ दिसत होती. आणि मग एकदम रडायला आलं, वन्सं. ते गेल्यापासून असं आलं नव्हतं. सगळे म्हणत होते, रडून घे, रडून घे. मला वाटायचं, मी दगडच आहे. आज कुणी नव्हतं, कुठे जायचं नव्हतं, घाई नव्हती. पोटभर रडले.

राग गेलेला नाही. तो राहील बहुतेक. पण त्यांच्याशी भांडायला आता वेळ आहे, तेही सावकाश होईल.

कारखान्यात जाऊन दादांची आणि त्या मुलीची भेट घ्यायची आहे. मी त्यांच्याशी तोडून बोलले. मुखवट्याचं मी केलं ते मागे घेणार नाही, पण न बोलता निघून गेले ते बरोबर नव्हतं. तुमच्याकडे येईन, नक्की येईन, पण थोडं थांबून. आधी मला या घरात कामाच्या दिवशी राहून बघायचं आहे. तुम्ही पहिल्यांदा नोकरी सोडलीत तेव्हा तुम्हालाही असं भर दिवसा घाबरल्यासारखं झालं होतं का? कधी विचारलंच नाही तुम्हाला. आम्ही दोघं थट्टाच करत राहिलो.

आता बारा वाजायला आले आहेत. घरात भाजी नाही, काकूंना आजपासून डबा नको म्हणून सांगितलं आहे. इतकी वर्षं मी बाजारात संध्याकाळी जात आले, सगळं निवडून झाल्यावर उरलेलं घ्यायला. बुधवारी भर दुपारी तिथे कोण असतं, काय मिळतं, मला काही कल्पना नाही. पिशवी घेते आणि जाऊन येते.

तुमचीच,
मी