टेलरकाकूंच्या पिशवीतला करार

टेलरकाकू,

कोर्टात माझ्या वकिलाने तुम्हाला विचारलं, "मालकाला मुलीसाठी जागा लागली तर ती सोडायची, असं ठरलं होतं?" कराराची माझी प्रत हरवली होती. तुमचा वकील डोळ्यांनी खुणावत राहिला, पण तुम्ही पिशवीतून तुमची प्रत काढलीत. "ठरलं होतं," म्हणालात. मी मनातल्या मनात हात जोडले, आणि खटला जिंकलो.

काल किल्ली देताना म्हणालात, "मुलीला सांगा, खिडकीपाशी उजेड छान येतो."

काकू, मुलगी येणारच नव्हती. जागेला गिऱ्हाईक मी आधीच बघून ठेवलंय.

हे पत्र तुम्हाला मिळालं तर माझ्याविरुद्ध पुरावा होईल, म्हणून खणात ठेवतोय. माझ्या जागी तुम्ही मात्र ते पोस्टात टाकून मोकळ्या झाला असतात.

खटला जिंकलेला,
तुमचा घरमालक