जखमही भरते, गाठही

प्रिय अनीबाल,

तुझं पत्र पोचलं. नेलिदाचे फोनही आले. बिचारी हुंदके देत होती. तुझ्याशी लग्न केल्यावर दुसरं काय करणार म्हणा! मी मात्र त्यातून सुटले. इथं मोंतेविदेओत कडाक्याची थंडी पडलीय. प्रयोगशाळेच्या खिडकीशी बसून माते, म्हणजे आमच्याकडचा पानांचा चहा, त्याचे कडू घोट घेत तुला लिहितेय.

आठवतं ना, मी कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडून आत भक्षक पेशी सोडायचे? शरीराच्या या रखवालदार पेशी जिथं बसायच्या, तिथं नव्या रक्तवाहिन्या फुटायच्या. कॅन्सरच्या गाठीतही त्या हेच करतात, तिला मारायचं सोडून रक्त पाजतात, असं मी भर सभेत मांडलं. आणि तू, आदल्या दिवशी मला लग्नाचं वचन देणारा, सगळ्यांदेखत म्हणालास की एल्विराबाईंनी आता ऑम्लेटचं दुकान काढावं. काय हसले मेले सगळे! रखवालदार कधी चोराला जेवू घालतो का, या तुझ्या वाक्याला तर टाळ्या पडल्या. पुढं कित्येक महिने मी सगळ्यांची 'अंडीवाली' होते.

गेल्या उन्हाळ्यात तू माझ्या दारात आलास तो स्वतःचीच गाठ घेऊन. यकृतात पसरलेली, कापून संपणारी नव्हेच. मी हात जोडले, सुरी लावून घेऊ नकोस, माझ्या औषधाची चाचणी सुरू होतेय, जरा थांब. तुझ्या अंड्यांवर माझा जीव टांगू का, असं म्हणून हसलास आणि कापणारा डॉक्टर शोधलासच.

आता तुला तेच औषध हवंय. पण मधुमेहामुळं तुझी ऑपरेशनची जखम अजून उघडी आहे. आणि जखम भरायलाही त्याच पेशी नव्या रक्तवाहिन्या आणतात. माझं औषध त्यांनाच थोपवतं. आज दिलं तर जखम उसवून तू रक्त जाऊन मरशील. जखम भरेपर्यंत थांबलो, तर तोवर त्याच पेशी गाठीला पोसतील, आणि तेवढा वेळ तुझ्याकडे नाही. म्हणून चाचणीत तुला घ्यायला मी नकार दिलाय. आमचा तरुण डॉक्टर तुला हे गोड शब्दांत कळवणार होता. मी म्हटलं, राहू दे, मी लिहिते. मला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला, खोटं कशाला बोलू? फक्त मी बरोबर होते, एवढं तुझ्या हातानं लिहून पाठव. लवकर पाठव.

अजूनही तुझीच,
एल्विरा