चढाईतली तूट

३ मार्च, लोंग पासेर

आज पोहोचले. विमान इथल्या उतरत्या धावपट्टीला टेकलं तेव्हा मी डोळे घट्ट मिटले होते, पण बाहेरची हवा इतकी छान की सगळं विसरले. मनाडो शहरातल्या घामट ऑफिसातून सुटले एकदाची. इथल्या विमानतळाच्या प्रमुख इबू लिलिंगनी (इबू म्हणजे इथलं ‘बाई’) पानात बांधलेला मऊ भात आणि मासा दिला. दोन पुड्या फस्त केल्या. माणसं, पोती, डुकराची पिल्लं, सगळं धावपट्टीजवळच्या एकाच वजनकाट्यावर तोलतात.

माझं काम सरळ आहे. इंजिनाची ताकद, हवेचा विरळपणा, ऊन आणि वजन यांवरून आमचं एका इंजिनाचं छोटं विमान मिनिटाला किती फूट चढेल ते काढायचं. दरीच्या टोकाला खिंड आहे. ती ओलांडण्याइतकी चढाई निघत नसेल तर ओझं उतरवायचं, कारण दरीतल्या शेवटच्या वळणापुढे विमान मागे फिरवायला जागाच नाही. माझे आकडे चुकत नाहीत, हे मी वैमानिक कॅप्टन तिगोरना लगेच सांगून टाकलं. ते हसले नाहीत. तूही माणसं उतरवणार का, असं इबू लिलिंगनी विचारलं. मी म्हटलं, गरज पडली तर. त्यांनी तिसरी पुडी उचलून परत ठेवली.

७ मार्च

इथे एक खुळचट प्रथा आहे. विमानात सहा जागा, पण मागची एक कायम रिकामी. लोक रांगेत ताटकळतात आणि जागा रिकामी उडते! विचारलं तर सगळे तोंड फिरवतात.

त्याहून विचित्र म्हणजे चढाई. रोज माझ्या आकड्यापेक्षा कमी भरते, आणि तूट नेमकी एका माणसाच्या वजनाची. इंजिन तपासायला लावलं, तांदळाची पोती ठेवून काटाही पडताळला. दोन्ही ठणठणीत आहेत. गावातल्या दुकानात मला आज मीठ मिळालं नाही. संपलं म्हणे. मागे पोतं दिसत होतं.

१० मार्च

शेवटी कॅप्टननी सांगितलं. गेल्या वर्षी दायांग नावाची बाई आणली होती, बाळंतपणात अडलेली. भर दुपारचं ऊन, विमान भरलेलं. माझ्या आधीच्या माणसाने हिशेब केला आणि म्हणाला, एक उतरवा. पहिले पाच जण जागचे हलेनात. मग तिलाच उतरवलं. ती काट्याशेजारीच गेली, पोटातल्या बाळासकट. तेव्हापासून ती रोज मागच्या जागेवर बसते. जागा दिली की गप्प असते.

मला राग आला. धावपट्टीवर सगळ्यांसमोर म्हणाले, “हिशेब बरोबर होता, कॅप्टन. त्याच्या जागी मीही तिलाच उतरवलं असतं.”

कॅप्टननी काट्याकडे नजर टाकली. म्हणाले, “हळू बोल, नोना. ती काट्यापाशीच असते.”

१२ मार्च

मागच्या जागेवर शाळेच्या मास्तरांना बसवलं. कॅप्टन नको म्हणत होते. मी वर कळवीन असं धमकावलं. आकड्यानुसार विमान खिंडीच्या बरंच वरून जायला हवं होतं.

परत आलं तेव्हा चाकांत पानं अडकली होती. मास्तर त्याच विमानाने परत आले, पलीकडे उतरलेच नाहीत. सारखे मांड्या चोळत होते. म्हणाले, सगळ्या वाटेत कुणीतरी मांडीवर बसलं होतं. तिच्या पोटातलं हलताना कळत होतं.

मी चुकले असेन का? हिशेब पुन्हा केला. चूक नाही.

१५ मार्च

तूट वाढतेय. आता दोन माणसांची. जागा पुन्हा रिकामी ठेवली, उपयोग नाही. तू तिची जागा काढून घेतलीस, आता ती तिथे कशाला बसेल, असं इबू लिलिंग म्हणाल्या. माझ्या दारात कुणी थांबत नाही. रस्त्यात बायका मुलांना मागे ओढतात. मला घरी जायचंय.

१६ मार्च

जायचं म्हणून काट्यावर उभी राहिले. चोपन्न किलो. बरोबर. मग काटा हळूहळू पुढे सरकला – मी हलले नव्हते – थेट एकशेदहापर्यंत. इबू लिलिंग माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत होत्या. मग त्या बाजूला झाल्या, कुणाला तरी वाट द्यावी तशा.

मी वळून बघितलं नाही. भीती वाटते. फार भीती वाटते.

१७ मार्च, सकाळी

कॅप्टन तयार झाले. फक्त आम्ही दोघं. सामान नाही, ऊन नाही. आकडा काढला, मिनिटाला नऊशे फूट. एवढं हलकं विमान खिंडीला कधीच कमी पडणार नाही.

विमानात

वर आलो. नऊशे. बरोबर.

आठशे. मागच्या जागेचा पट्टा आत्ता वाजला. मी तिकडे बघणार नाही.

वळण मागे गेलं. आता परतणं नाही.

पाचशे – कॅप्टननी पूर्ण ताकद लावलीय – साडेतीनशे – मानेवर कुणाचा तरी श्वास – कण्हल्यासारखा –

दोनशे. खिंडीला अडीचशे तरी हवेत.

कॅप्टन पुढेच बघतायत. म्हणाले, “हिशेब तुझा, नोना. सांग, कोणाला उतरवू?”

चोपन्न किलो कमी झाले तर पुरतं. हिशेब दोनदा केला. बरोबर येतो –

दाराची कडी हलतेय. कॅप्टनचे दोन्ही हात सुकाणूच्या दांड्यावर आहेत. माझे दोन्ही वहीवर. मग कडीवर हात कुणाचा –