तेल ऐंशी अंशांवर येईपर्यंत

१२ एप्रिल

प्रिय रिके,

फोनवर मी तिसऱ्या मिनिटाला हवामानावर येतो, असं तू नेहमी म्हणतेस आणि ते खरंच आहे. म्हणून आज पत्र लिहायला बसलो. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, तीन वर्षं राहिली आहे. ती वाचल्यावर तू या घरात पुन्हा पाऊल टाकशील की नाही, मला माहीत नाही. तशी आईला मूठमाती दिल्यापासून तू आलेलीच नाहीस. पण निदान न येण्याचं खरं कारण तुझ्या हाती असेल.

आधी इथलं सांगतो. आपल्या पठारावर अजून पहाटे दव गोठतं. शेजारच्या हेबर्लेबाईंनी गल्ली झाडायच्या पाळीची पाटी पुन्हा माझ्याच दाराला अडकवली. मागचा आठवडा मीच झाडला होता, पण "एकट्या माणसाला तेवढंच हातपाय हलवायला होतं," असं त्यांचं म्हणणं. शनिवारी मसूर आणि श्पेट्स्लेच्या शेवया केल्या. माप आईचंच हाताला बसलंय, त्यामुळे मंगळवारपर्यंत तेच खात होतो. जेवताना रेडिओ लावतो. कुणीतरी बोलत असलं की घास उतरतो.

गाडी गॅरेजात आहे, झाकलेली. तुला आठवतं ना, तिची नंबरपाटी एप्रिल ते ऑक्टोबरपुरतीच, एरवी ती रस्त्यावर काढायची नाही, आणि एक एप्रिल म्हणजे आपल्या घरात सणच असायचा. तू अक्षरं शिकायच्या आधी तेलाचा काटा वाचायला शिकलीस. पाण्याचा काटा पाच मिनिटांत वर येतो आणि माणसाला फसवतो. तेल मात्र पंधरा-वीस मिनिटं घेतं, हे तू बालवाडीच्या बाईंना समजावून आली होतीस. गाडी सुरू करून जागेवर गुरगुरत ठेवायची नाही, त्याने इंजिन झिजतं आणि हेबर्लेबाई कायद्याचं कलम म्हणून दाखवतात. अर्धं मिनिट थांबायचं, मग निघायचं, गिअर लवकर बदलायचे, इंजिनाला मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या वर न्यायचं नाही. तेल ऐंशी अंशांवर आलं की मग काय हवं ते कर.

हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. कारखान्याच्या चाचणी विभागात एकतीस वर्षं काढली, गार असताना पिळलेली इंजिनं स्वतः उघडून पाहिली. पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मागे राहतो, आणि घट्ट तेल पोचायच्या आत धातूवर धातू घासतो. तुझी आई माझी थट्टा करायची. "माझे पाय गारठले तर म्हणतो मोजे घाल, आणि इंजिनासमोर श्वाससुद्धा हळू घेतो." लग्नाच्या दिवशीही मी चर्चपर्यंत अडीच हजारांतच गेलो होतो. पाद्रीबुवा दारात घड्याळ बघत उभे होते, आणि ती पुढे आयुष्यभर ते सगळ्यांना सांगत राहिली.

आता त्या सकाळचं सांगतो. आदल्या संध्याकाळी ती तुझ्याशी फोनवर बोलली होती, पाठ दुखतेय म्हणाली होती. सकाळी सात वाजता ती पलंगाच्या कडेला बसली होती, चेहरा राखेसारखा, डावा हात मांडीवर ठेवलेला. मी मदतीचा नंबर फिरवला. पलीकडच्या खोऱ्यात गोठलेल्या वळणावर दोन गाड्या आदळल्या होत्या आणि जवळची रुग्णवाहिका तिकडे अडकली होती. दुसरी यायला निदान पंचवीस मिनिटं लागतील म्हणाले. आपली रोजची गाडी उन्हाळी टायर बसवायला दिली होती. मी म्हटलं, मीच आणतो, माझ्याकडे यांच्यापेक्षा वेगवान गाडी आहे. बसताना तिने विचारलं, "पाटी चालू झालीय ना रे?" चार एप्रिल होता.

एकोणीस किलोमीटर. आमचा रस्ता कोरडा होता, मोकळा होता. आणि मी गिअर लवकर बदलले, रिके. अडीच हजाराला दुसरा, अडीच हजाराला तिसरा. पहिली काही मिनिटं माझ्या लक्षातही आलं नाही, हात चाळीस वर्षांच्या सवयीने चालले होते. एवढंच असतं तर मी स्वतःला कदाचित माफ केलं असतं. पण दूधडेरीच्या चढाजवळ ती म्हणाली, "ओटमार, आज तरी दाब की." मला नीट ऐकू आलं. मी काट्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "साठ झालंय, दोनच मिनिटं." ती हसली. नेहमी हसायची तशीच. मग गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवून बसली. दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा तेल ऐंशीवर होतं आणि तिचा हात जड झाला होता.

डॉक्टरांना मी विचारलं, थोडं आधी आलो असतो तर? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. पुढच्या वर्षी त्याच तारखेला मी इंजिन नीट गरम करून घेतलं, घरापासून घड्याळ लावलं आणि त्याच रस्त्यावर गाडी पिळून काढली. नऊ मिनिटं कमी लागली. गाडी आणून झाकून ठेवली, त्यानंतर किल्ली फिरवलेली नाही.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण, रविवारी तुझ्या येन्सचा फोन आला होता. तू झोपत नाहीस म्हणाला. त्या संध्याकाळी आईला "गरम पाण्याची पिशवी घे आणि पड जरा" असं सांगितलंस, डॉक्टरकडे जा म्हटलं नाहीस, म्हणून ती गेली, असं तू अजून धरून बसली आहेस, आणि म्हणून या घराची पायरी तुला चढवत नाही. ते खरं नाही, पोरी. पाठदुखीला कुणीही तेच सांगितलं असतं. ती नऊ मिनिटं माझी आहेत. मिनिटं नंतर मोजली, पण चूक माझी हे मला तेव्हाही माहीत होतं. दफनानंतर कॉफीच्या टेबलाशी तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालीस, "बाबा, माझ्यामुळे झालं." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलो आणि गप्प बसलो, कारण तू स्वतःला दोष देत होतीस तोवर माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं.

तुझाच,
बाबा