आतली पट्टी

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांची तब्येत बरी आहे. दुपारी खुर्चीत बसले की डाव्या हाताची बोटं मांडीवर अजून वाजवत असतात.

जुन्या वाद्यांच्या दुकानात महायुद्धातली गिटार पाहिली. फुगीर पोट, व्हायोलिनसारख्या दोन चिरा, तारा अडकवायला धातूऐवजी लाकडाचा तुकडा. अगदी बाबांनी बोटं आखडली म्हणून देऊन टाकलेल्या गिटारीसारखी. आतली एक पट्टी कुणीतरी पांढऱ्या डिंकाने चिकटवलीय आणि आवाज बसका येतो. बाबांनी मरायच्या आधी एकदा तरी वाजवावं असं मला फार वाटतं. दुकानदार महिनाअखेरपर्यंत थांबेल. घेऊ का?

लोभ आहेच, तो थोडा गोड शब्दांत कळव.
तुझी चिमणी

८ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

दात उपटता उपटता वाद्यं कधीपासून कळायला लागली तुला? युद्धात धातू मिळेना, म्हणून त्या गिटारींच्या मानेत सळई नाही. टंचाईच्या मालाला आता दुर्मिळ म्हणतात आणि तुझ्यासारख्या शहाण्या माना डोलावतात.

त्यात पांढरा डिंक. वाद्याला सरस लावतात, ऊब दिली की सुटतो. पांढरा डिंक लावणारा गाढव होता, त्याने खुर्च्या ठोकाव्यात. आमच्या वाद्यांच्या कारखान्यात दुरुस्ती करणारा आत पेन्सिलीने सही आणि तारीख टाकतो. तुझा दात बघायचा आरसा घालून बघ. नाव कळलं तर शिव्या नेमक्या पत्त्यावर पाठवता येतील.

आणि बाबांचं म्हणशील, तर बोटं आखडली हे निमित्त होतं. आळसाने वाजवणं सोडलं त्यांनी. आळशी माणसाला गिटार आणून काय करणार?

लोभ आहे, अक्कल तुझी तू बघ.
दादा

१३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आरसा घातला. पट्टीवर माझ्या शाळेच्या निळ्या गणवेशाची चिंधी डकवलीय. शेजारी तारीख आहे, तू काम शिकायला लागलास त्याच वर्षाची. खाली तुझी सही आहे.

बाबांना विचारलं. म्हणाले, पोराने सुट्टीत येऊन हौसेने दुरुस्त केली, पण आवाज गेला. तसं सांगितलं असतं तर त्याने पुन्हा हत्यार हातात धरलं नसतं. म्हणून बोटं आखडली म्हणालो आणि गिटार देऊन टाकली.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही. काय करू ते लवकर कळव.

तुझी चिमणी

१७ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

घे. घासाघीस करू नकोस आणि थेट माझ्याकडे घेऊन ये.

दुरुस्त करून दिली त्या दिवशी त्यांनी दोन सूर वाजवले आणि आवाज खुलला म्हणाले. मी फुशारून सगळ्या कारखान्याला सांगितलं. तेव्हापासून आजवर त्यांना आळशी म्हणत आलो.

पांढरा डिंक सहज निघत नाही. पोट उघडून नखानखाने खरवडावा लागेल, दोन महिने जातील. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. तारा किती जाडीच्या लावू ते बाबांना विचार, आणि सांग की त्या गाढवाला आता काम येतं.

लोभ मागायला आज तोंड नाही. उरला असेल तर राहू दे.
दादा