तिसरा प्रश्न

प्रिय छोटू,

हे पत्र तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवते आहे. समोरासमोर बोलले असते, पण बाबा दिवसभर बाहेरच्या खोलीत असतात आणि आपल्या घरात शिंकलं तरी सगळ्यांना कळतं. जेवण झाल्यावर वाच, आधी नको.

मागच्या आठवड्यापासून मी वाचनालयातल्या पैशांच्या वर्गाला जाते. तू हसशील म्हणून सांगितलं नाही. मुलगा बँकेत असताना तुला कसला वर्ग, असं बाबाही म्हणाले. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, सही करण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. पैसे कधी काढता येतील, मध्येच काढले तर हातात किती येतील, आणि हे विकून कोणाला काय मिळतं. घरी येऊन मी तू ठेव म्हणून आणलेला, आम्ही सह्या केलेला कागद काढला.

छापखान्यात तीस वर्षं मी मुद्रितं तपासली, अशा योजनांची माहितीपत्रकंसुद्धा. अक्षर न् अक्षर पाहिलं, पण अर्थ बघणं माझं काम नव्हतं. तुझा कागदही तसाच तपासला. घराचा नंबर चुकलेला सापडला, तर केवढी ऐट मिरवली मी! मग तू बोट ठेवत गेलास, आम्ही सह्या करत गेलो. चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलंय, ही ठेव नाही, विमा आहे. एवढीच रक्कम दरवर्षी, दहा वर्षं भरायची. पहिल्या वर्षात थांबलो तर हातात भोपळा. बाबांच्या निवृत्तीचे सगळे पैसे पहिल्याच हप्त्यात गेले. पुढचा हप्ता कुठून आणायचा? आणि त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन?

त्यांना यातलं काही माहीत नाही. आयुष्यभर बस चालवून गुडघे गेलेला माणूस काल जिना उतरून शेजाऱ्यांना सांगून आला, पोरानं आमची सोय लावली. मी आत भाजी चिरत होते, बोट कापून घेतलं.

सह्यांच्या त्या संध्याकाळी तू बूटही न काढता बसला होतास. महिन्याचा शेवटचा दिवस होता. तुझे कान लाल झाले होते. लहानपणी काही लपवलंस की असेच व्हायचे. मला ते दिसलं होतं, छोटू. उकाडा असेल म्हणून मीच स्वतःची समजूत घातली.

कागद पंधरा दिवसांत परत करता येतो, तेही त्याच पानावर आहे. उद्या पंधरावा दिवस. मी गप्प राहिलेही असते, तुझी नोकरी डोळ्यांसमोर होती. पण सकाळी मावशीचा फोन आला. सोमवारी तू तिच्याकडे कागद घेऊन जाणार आहेस, आणि आई-बाबांनीही घेतलंय असं तिला सांगितलंस. तिला तर आपल्यावाचून कोणी नाही. आज संध्याकाळी लवकर ये, बाबांना तूच सांग आणि परतीचा अर्ज तुझ्या हाताने लिही. माहीत नव्हतं म्हणालास तर मी विश्वास ठेवीन. माहीत होतं म्हणालास तरी ताट वाढीन. पण नाही आलास, तर उद्या दहा वाजता टोकन घेऊन तुझ्याच खिडकीसमोर उभी राहीन आणि तिसरा प्रश्न सगळ्यांदेखत विचारीन.

तुझीच,
आई